मामांच्या नऊ लाखांच्या पावत्या आणि "आपलीच माणसं हाईत की"

पेठेतली सून
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिलाच धागा काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे सासरे (आम्ही मामा म्हणतो) चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीतले नऊ लाख त्यांनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पतसंस्थेत ठेवले. दीड-दीड लाखाच्या सहा पावत्या, ११ टक्के व्याज. बँकेत का नाही ठेवले हे घरात कुणी विचारलंच नाही. मॅनेजर मामांच्या तालमीतला, दोघं एकाच मातीत लोळलेले. महिन्याचं व्याज पिग्मी गोळा करणारा पोरगा घरी आणून द्यायचा. आत्या (सासूबाई) त्याला चहा द्यायच्या, काम संपलं.

नणंदेचं लग्न वैशाखात आहे. दसऱ्याला दोन पावत्यांची मुदत संपली म्हणून मामा गेले, तर "वसुली जरा थांबलीय, दिवाळी होऊ दे". दिवाळी झाली. आता "मार्चनंतर बघू, तोवर परत ठेवा, अर्धा टक्का वाढवून देतो". वर हेही, की लग्नाला कमी पडलं तर ठेवतारण कर्ज घ्या, १३ टक्क्यांनी. म्हणजे आमचेच पैसे आम्हाला व्याजानं! दोन महिने महिन्याचं व्याजही आलेलं नाही.

घरी बोललं की मामा म्हणतात, "आपलीच माणसं हाईत की, पळून जात्यात व्हय?" नवरा म्हणतो, पाच लाखांचा सरकारी विमा असतोय, काळजी करू नको. हे खरं आहे का? आणि मामांना न दुखावता कुठून सुरुवात करू?

जाता जाता दुसरा प्रश्न. आत्यांचा जुना साज मोडून नणंदेला नवा करायचा विचार आहे. गुजरीत (आमच्या सराफ बाजारात) जाताना काय बघायचं?

उसाचं कांड
वहिनी, अर्धा टक्का वाढवून देतो म्हणाले ना, तिथंच पाल चुकचुकली. ज्याच्याकडं पैसा हाय तो व्याज वाढवत न्हाई. आमचं ऊस बिल अडकलं की कारखान्याचा माणूस पण असाच गोड बोलतोय.

जुना कॅशियर
मी एका नागरी सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी काउंटरच्या आत. विम्याचं आधी सांगतो, कारण इथं निम्मं कोल्हापूर फसलेलं आहे.

तुमचे यजमान म्हणतात तो विमा खरा आहे, पण तो बँकेतल्या ठेवीला. रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं ठेव विमा महामंडळ आहे, ते एका ठेवीदाराला एका बँकेमागे ५ लाखांपर्यंत भरपाई देतं. ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत ही रक्कम फक्त १ लाख होती. राष्ट्रीयीकृत, खाजगी, नागरी सहकारी, जिल्हा बँक, सगळ्या यात आल्या. पतसंस्था येत नाही. एक रुपयासुद्धा नाही. पतसंस्था ही बँक नव्हे, ती सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था, आणि तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते. काउंटर तसाच, काचा तशाच, पासबुकसुद्धा तसंच असतं, म्हणून माणूस चकतो.

बँकेतल्या ठेवीबद्दलही दोन गोष्टी, कारण पुढं पैसे हलवाल तेव्हा लागतील. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, म्हणून चार-साडेचारच्या पुढं एका नावावर जाऊ नये. शाहूपुरीच्या शाखेत पाच आणि राजारामपुरीच्या शाखेत पाच असं केलं तरी बँक एकच, विमा एकच. मात्र मामांच्या एकट्याच्या नावावर, आत्यांच्या एकटीच्या नावावर आणि दोघांच्या संयुक्त नावावर अशा ठेवी केल्या तर तिन्हीचा हिशोब वेगळा. बँकेचे शेअर घेतलेत ते ठेवीत धरत नाहीत, हेही लोकांना बँक बुडाल्यावर कळतं. आणि बँकेवर निर्बंध आले तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यावी लागते. पूर्वी अवसायक (बुडालेली संस्था गुंडाळायला नेमलेला माणूस) नेमेपर्यंत माणसं म्हातारी व्हायची.

पेठेतली सून
बाप रे. म्हणजे नऊच्या नऊ लाख उघड्यावर? नवऱ्याला वाचायला दिलं. गप्प बसलाय.

पुरात भिजलेला
थोडं उलट बोलतो, राग मानू नका. २०१९ च्या पुरात माझ्या दुकानात आठ फूट पाणी. यंत्रं गेली, माल गेला. ज्या बँकेत वीस वर्षं खातं, त्यांनी मागच्या तीन वर्षांचे कागद मागितले, आणि कागद पंचगंगेत. पतसंस्थेनं माझं तोंड बघून तिसऱ्या दिवशी दोन लाख दिले. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हाही त्यांनीच हप्ते थांबवले. सगळ्या पतसंस्थांना एका काठीनं हाणू नका. ही नसती तर माझ्यासारखा माणूस सावकाराच्या दारात असता.

जुना कॅशियर
पटलं. पण तुम्ही कर्जदार, या वहिनी ठेवीदार. तोंड बघून दिलेलं कर्ज तुम्हाला तारतं, आणि तेच कर्ज थकलं की मामांच्या पावतीला थांबावं लागतं. दोन्ही एकाच तिजोरीतनं.

पुरात भिजलेला
हं. हे असं कधी बघितलं नव्हतं. मी माझे फेडलेत तेवढं सांगतो.

नाद खुळा ९९
ताई पतसंस्था बितसंस्था सोडा. माझ्या ओळखीत एक ग्रुप हाय, शेअर मार्केटमधी पैसं लावत्यात, महिन्याला ५ टक्के फिक्स. मी स्वतः आठ महिने घेतोय. इंटरेस्ट असंल तर

[उरलेला मजकूर व फोन नंबर काढून टाकला आहे. — संपादक]

उसाचं कांड
आला का राजा! महिन्याला ५ म्हणजे वर्षाला ६०. एवढं मिळत असतं तर त्यो तुझं पैसं कशाला घेईल, बँकेतनं १२ नं कर्ज काढून स्वतःच लावंल की. तुला आठ महिने मिळतंय ते नवव्या गड्याच्या मुद्दलातनं मिळतंय.

कोर्टाची पायरी
व्यवसायानं वकील आहे, पण इथं फी नाही, घाबरू नका. वरच्या ५ टक्केवाल्यांसाठी एकच: अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ पासून आहे, आणि त्यात योजना चालवणाऱ्याबरोबर तिचा प्रचार करणाराही येतो. भावा, इथं नंबर टाकताना विचार कर. कुणालाही अशी योजना कुणी सांगितली तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर तक्रार करता येते.

आता पेठेतल्या सूनबाईंचं. क्रमानं जा, उडी मारू नका.

पहिलं काम घरात. सहाही पावत्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. मामांचं सभासदत्व बघा, पूर्ण सभासद की नाममात्र (मताचा हक्क नसलेला). शेअरचा दाखला असेल तर तो शोधा. सभासदाला संस्थेचा ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त बघायचा हक्क आहे. सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला लागते, म्हणजे या वर्षीचा छापील अहवाल कुठंतरी घरात पडलेला असणार, बहुधा फरसाणाच्या डब्याखाली. त्यात लेखापरीक्षणाचा वर्ग (अ सगळ्यात चांगला, मग ब, क, ड) आणि थकबाकीचा आकडा असतो. ते दोन मला सांगा.

दुसरं, पावत्यांचं नूतनीकरण करू नका. मुदत संपलेल्या पावतीवर "परत ठेवा" म्हणून सही दिली की तुमचं येणं आणखी वर्षभर पुढं गेलं, आणि तक्रारीचं कारणच उरलं नाही. ठेवतारण कर्ज तर मुळीच नको.

तिसरं, मागणी लेखी करा. साधं मराठी पत्र: पावती क्रमांक, तारीख, रक्कम, मुदत संपल्याची तारीख, पैसे आणि थकलेलं व्याज १५ दिवसांत द्यावं. दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही. शिक्का दिला नाही तर तेच पत्र स्पीड पोस्टानं, पोचपावतीसकट. जुनं रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच विलीन झालंय, तेव्हा ते मागत बसू नका.

पेठेतली सून
अहवाल सापडला!! फरसाणाच्या नाही, लाडवाच्या डब्याखाली. लेखापरीक्षण वर्ग 'ब' लिहिलाय. थकबाकी कर्जाच्या २३ टक्के.

जुना कॅशियर
२३ टक्के म्हणजे दिलेल्या दर शंभर रुपयांतले २३ वेळेवर येईनात. पुढचं पान बघा, 'संचालक व त्यांचे नातेवाईक यांचेकडील येणे' असं काही आहे का?

पेठेतली सून
आहे. आकडा लिहीत नाही इथं. मोठा आहे.

जुना कॅशियर
मग मार्चनंतर काय होणार ते मी सांगत नाही. पत्र द्या.

तारामाय
मी नुसती आकडेमोड करणारी बाई. मामांचं वय साठच्या वर असणार, बरोबर? पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, काही बँकांतही मिळते. सध्या ८.२ टक्के, व्याज दर तीन महिन्यांनी, मुदत ५ वर्षं, कमाल ३० लाख. दर तिमाहीला नवा जाहीर होतो, पण तुम्ही ठेवल्या दिवशी जो दर असेल तोच तुम्हाला पाच वर्षं. हमी केंद्र सरकारची.

नऊ लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाला ९९,००० मिळतात. ८.२ नं ७३,८००. फरक २५,२००. महिन्याला २१०० रुपये. एवढ्या २१०० पायी नऊ लाख लावलेत मामांनी. (आमच्या सासऱ्यांनी १८०० पायी लावले होते. सात वर्षं झाली, अवसायक अजून यादी करतोय. म्हणून ही आकडेमोड तोंडपाठ.)

अकरावी गल्ली
बँक म्हणजे सगळं आलबेल असंही नाही हो. आमच्या वडिलांचा किस्सा सांगतो. मुदतठेव संपली म्हणून बँकेत गेले. नाव घेत नाही, चांगली मोठी चकचकीत बँक. तिथल्या पोरीनं "काका, यापेक्षा छान एफडी आहे, टॅक्स पण नाही" म्हणून आठ-दहा ठिकाणी सह्या घेतल्या. दीड महिन्यानं मला पाकीट दिसलं. एफडी कसली, विमा पॉलिसी! दर वर्षी १ लाख, दहा वर्षं भरायचे. वडील ६८ वर्षांचे, उत्पन्न पेन्शन.

तिथून पुढं आमची धावाधाव. आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत, न आवडल्याचं कारण सांगून परत करता येते. थोडीफार कपात होऊन पैसे मिळतात. पाकिटावरची पोस्टाची तारीख बघितली, २६ वा दिवस होता! वडिलांनी ते फोडलंच नव्हतं, टीव्हीवर ठेवलं होतं. त्याच दिवशी लेखी अर्ज, ईमेल, शाखेचा शिक्का. आलं परत, स्टॅम्पचे आणि काही दिवसांच्या विम्याचे कापून. आणखी पाच दिवस उशीर झाला असता तर रडत बसलो असतो.

तेव्हापासून घरात नियम. बँकेत म्हातारं माणूस एकटं जायचं नाही, आणि कागदावर 'प्रीमियम' किंवा 'हप्ता' हा शब्द दिसला की सही थांबवायची. मुदतठेवीला प्रीमियम नसतो.

उसाचं कांड
आणि विमा कंपनीकडनं फोन येतोय तेव्हा काय बोलायचं ते पण त्यांनीच पाठ करून घेतलेलं असतंय. "सगळ्याला हो म्हणा काका."

अकरावी गल्ली
अगदी! वडील सगळ्याला हो म्हणाले होते. ते रेकॉर्डिंग नंतर आम्हालाच ऐकवलं.

गुजरीतला
साजाचं कुणीच बोललं नाही म्हणून मी येतो. आमचं तीन पिढ्यांचं काम, दुकान स्वतःचं नाही, कारागीर माणसं.

ताई, साज मोडायला नेताना एक ध्यानात ठेवा. कोल्हापुरी साजाच्या मण्यांत आणि पानात लाख भरलेली असते. बाहेर सोन्याचा पत्रा, आत लाख. म्हणून तो दिसायला भरदार आणि अंगावर हलका. जुना साज मोडताना सोनार लाख वजा करणार, ते बरोबरच आहे. प्रश्न नवा घेताना. नव्या साजाचं वजन लाखेसकट धरून सोन्याचा दर लावला तर तुम्ही लाख सोन्याच्या भावानं घेतली. आज एका ग्रॅमला दहा हजाराच्या वर दर आहे, दोन ग्रॅम लाख म्हणजे वीस हजार गेले. पावतीवर निव्वळ सोन्याचं वजन वेगळं लिहून घ्या. हॉलमार्कच्या दागिन्याच्या पावतीवर निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचा खर्च वेगवेगळा दाखवणं दुकानदाराला बंधनकारकच आहे.

मोडीचं वजन तुमच्यासमोर, आणि वितळवणारही तुमच्यासमोर. "मागं भट्टीवर देऊन येतो" म्हणाला की उठायचं.

हॉलमार्कचे तीन शिक्के: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण, २२ कॅरेटला ९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून हा सहा अंकी क्रमांक नसलेला दागिना विकता येत नाही (दोन ग्रॅमच्या आतले नग, कुंदन-पोलकी वगैरे सोडून). 'बीआयएस केअर' ॲपवर क्रमांक टाका, दागिना कुठल्या सराफाचा, कुठल्या केंद्रावर तपासला, किती शुद्ध, सगळं येतं. दुकानात बसूनच टाका, लाजायचं काय त्यात. शिक्क्याचा खर्च नगाला ४५ रुपये आणि त्यावर जीएसटी. काही दुकानात 'हॉलमार्किंग' म्हणून चारशे-पाचशे लावतात.

ग्राहकाला स्वतःही तपासणी केंद्रात दागिना नेता येतो, चार नगांपर्यंत २०० रुपये. शुद्धता कमी निघाली तर जेवढा फरक त्याच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च सराफानं द्यायचा, असा नियम आहे. पण पावती पाहिजे! "जीएसटी वाचवू, कच्ची चिठ्ठी देतो" म्हणणाऱ्याकडं तुम्ही ३ टक्के वाचवले आणि ही दुप्पट भरपाई सोडली.

मजुरी आणि घट यावर घासाघीस करा, तिथं जागा असते. दरावर नसते.

पेठेतली सून
खूप खूप आभार. लाखेचं खरंच माहीत नव्हतं. आत्या म्हणतात त्यांच्या साजाला २१ पदकं आहेत, मोडायचा नाही, त्याच देतो लेकीला. त्यामुळे तो प्रश्न मिटला बहुतेक. 😄

पतसंस्थेचं: आज पत्र घेऊन मी आणि नवरा गेलो. मामा आले नाहीत. मॅनेजरनी चहा मागवला, चौकशी केली, पत्र वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं. "वहिनी, आपल्यात कागद कशाला?" शिक्का मागितला तर शिक्का सायबांच्या कपाटात, सायब गावाला. चहा मात्र चांगला होता.

कोर्टाची पायरी
ठरलेलंच. आजच स्पीड पोस्ट. एक प्रत सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात द्या, तिथं आवक शिक्का मिळतो. संस्था बहुराज्य असेल तर मात्र आपल्या उपनिबंधकांचा हात पोचत नाही, तिचा निबंधक दिल्लीत. पावतीवर नोंदणी क्रमांक असतो, बघा.

१५ दिवसांत काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. लोकांना वाटतं की सहकारी संस्थेविरुद्ध फक्त सहकार न्यायालयातच जावं लागतं. तसं नाही. तमिळनाडूतल्या थिरुमुरुगन सहकारी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्येच सांगितलंय की सहकार कायद्यात दाद मागायची सोय आहे म्हणून ग्राहक मंचाचं दार बंद होत नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. शुल्क ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. मुदत दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही, मामा स्वतः उभे राहू शकतात. तक्रार ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या टाकता येते. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात दावा करता येतो, ही सोय पुण्या-मुंबईच्या कंपन्यांशी भांडणाऱ्यांना फार कामाची. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, तिथं मराठीत बोलता येतं.

आणि पैसे खरंच बुडायला लागले, ठेवीदार बरेच असले तर राज्याचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा आहे. त्यात संस्थेची आणि जबाबदार संचालकांची मालमत्ता जप्त करता येते. पण तो लांबचा रस्ता, आत्ता नको.

पुरात भिजलेला
छोटासा प्रश्न. कागद भिजले तर? आमच्या आईच्या पावत्यांचा लगदा झाला होता.

जुना कॅशियर
पावती हरवली-भिजली म्हणून ठेव जात नाही, संस्थेच्या वहीत नोंद असते. अर्ज आणि हमीपत्र दिलं की दुय्यम प्रत मिळते. नदीकाठच्या लोकांनी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर आणि फोटो मोबाइलवर, शिवाय एखाद्या भावाच्या मोबाइलवर. वारसनोंदही बघा. बँकेत आता चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. नॉमिनी मालक होत नाही, तो फक्त पैसे उचलून वारसांना देणारा, यावरून किती घरं फुटली ते वेगळ्या धाग्यात लिहीन.

दिवाबत्ती
विषयांतराबद्दल क्षमस्व. "आज रात्री ९.३० ला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज सासूबाईंना आला, त्यांनी फोन केला, ॲप टाकून घेतलं, ४८ हजार गेले. काल संध्याकाळी. काय करू?

अकरावी गल्ली
काल?? हे वाचताय ते सोडा आणि आत्ता १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा! पैसे पुढच्या खात्यात असतील तोवरच गोठवता येतात. मग बँकेला लेखी, मग सायबर पोर्टलवर तक्रार. ते ॲप काढा, तोवर मोबाइलचा डेटा बंद.

दिवाबत्ती
केला. तक्रार क्रमांक मिळाला. ३१ हजार कुठल्याशा खात्यात थांबवलेत म्हणाले. उरलेल्याचं बघू.

पेठेतली सून
अपडेट. (उशीर झाला, घरात पाहुणे.)

पत्र पोचल्यावर सहाव्या दिवशी मॅनेजर स्वतः घरी आले, चेअरमनला घेऊन. उपनिबंधक कार्यालयातून त्यांना खुलासा मागणारं पत्र गेलं होतं. मॅनेजर मामांना म्हणाले, "कागद पाठवायची काय गरज होती? हाक मारली असतीस तर आलो असतो." मला वाटलं मामा आता माझ्यावर घालणार. मामा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "हाक दसऱ्यापासनं मारतोय."

ते म्हणतात दोन पावत्यांपैकी एकीचे दीड लाख लगेच खात्यावर टाकतो. दुसऱ्या पावतीचा पुढच्या महिन्याचा चेक. बाकी चार पावत्यांची मुदत जूनपर्यंत आहे. आणि दोन्ही मूळ पावत्या मागे सही करून आजच द्या म्हणाले.

कोर्टाची पायरी
दिल्यात का???

पेठेतली सून
नाही. "आमच्या वकीलबाईंना विचारून देते" म्हणाले. तुम्हालाच म्हणाले हो. 🙏

कोर्टाची पायरी
शाबास. पैसे खात्यात दिसल्यावर त्या एकाच पावतीच्या मागे सही. तिचीही झेरॉक्स ठेवा. दुसऱ्या पावतीचा चेक घ्या, पण मूळ पावती चेक वटल्यावरच. घाईच केली तर चेकचा क्रमांक घालून "चेक वटण्याच्या अधीन" असं लिहून घ्या. चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यांना १५ दिवस, आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार. चेकची मुदत तीन महिने, तेवढ्यात भरायचा विसरू नका.

तारामाय
दीड लाख आले की आधी पोस्टात. लग्नाच्या खर्चात गेले तर वेगळं, पण परत त्याच काउंटरवर नको.

पेठेतली सून
दीड लाख आले काल. मेसेज मामांना दाखवला, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

सांगायचं म्हणजे मामा आता संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर जात नाहीत. मॅनेजरचा भाऊ तिथंच बसतो. चाळीस वर्षांची बैठक आहे ती. आत्या म्हणतात जाऊ दे, थंडीचं घरातच बरं. मला मात्र ते दाराशी खुर्ची टाकून बसलेले बघवत नाहीत.

पण आज सकाळी गंमत झाली. मामांनी मला हाक मारून ते पत्र मागितलं, तीन झेरॉक्स काढून आण म्हणाले. कट्ट्यावरच्या तिघांना पाहिजे आहेत. त्यांच्याही पावत्या तिथंच. नाव-रक्कम खोडून द्यायला सांगितलंय.

अनामिक वाचक
ताई, पेठेत कुठल्या चौकातली ही संस्था? आमच्या आईचे साडेतीन लाख अशाच एकीत आहेत, तिथंही "मार्चनंतर" म्हणतात.

पेठेतली सून
इथं नाव नको. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.

अनामिक वाचक
बघितला. तीच आहे.